निकालाला हरकत नाही

१० मे, रविवार
लो मिल

हिलरी,

ट्रेव्हर गेला. शुक्रवारी. घरीच, स्वतःच्या पलंगावर.

तू फोनचा नंबर बदललास आणि आम्हाला कळवला नाहीस, म्हणून हा कागदाचा उपद्व्याप. नाहीतर दोन वाक्यांत उरकलं असतं. तुझा वेल्समधला पत्ता मॅल्कमने दिला. त्याला तू दर नाताळला कार्ड पाठवतेस म्हणे. सख्ख्या भावाला नाही, भावाच्या मित्राला. असो.

त्याचं हृदय थकलं होतं. डॉक्टर हिवाळ्यापासून सांगत होते, उन्हाळा निघणं कठीण आहे. तो म्हणायचा, "उन्हाळा कोणाला हवाय? मला मे महिन्यातला मतदानाचा गुरुवार द्या, बाकी तुमचं तुम्ही ठेवा." गुरुवार मिळाला त्याला. मॅल्कमने चाकाच्या खुर्चीतून शाळेत नेलं आणि त्याने स्वतःच्या नावापुढे स्वतः फुली मारली. बाहेर आल्यावर म्हणाला, "एक तर पक्कं झालं."

कौन्सिलची निवडणूक हरला. थोडक्यात हरला, पण थोडक्यात हरलेल्याला कोणी खुर्चीच्या काठावर बसू देत नाही. तुमच्या पक्षाची बाई आली, साइमा अख्तर, मिल रोडवरच्या औषधाच्या दुकानातली. बाई वाईट नाही. त्याच्या गोळ्या तिच्याकडूनच यायच्या.

निकाल शुक्रवारी दुपारी लागला. मी घरी येऊन त्याला सांगितला. मग तो गेला. त्रास काही झाला नाही.

दहन २६ तारखेला, मंगळवारी. नंतर क्लबात चहा आणि हॅमचे सँडविच. तू यावंस असं मी म्हणत नाही. तू येऊ नयेस असंही म्हणत नाही. तुला आठवत नसेल तर आठवण देते, तू त्याच्याशी शेवटचं काय बोललीस ते. त्याच क्लबात, सगळ्यांदेखत. पक्षाने तरणतलाव बंद करायचं ठरवलं, ह्याने एकट्याने विरोधात हात वर केला, पक्षाने त्याला बाहेर काढलं, आणि हा म्हणाला की मी अपक्ष उभा राहीन. तेव्हा तू म्हणालीस, "छातीवरचं पक्षाचं फूल काढ आणि मग बघ. शंभर मतं पडायची नाहीत तुला. इतकी वर्षं तुला बाबांची मतं पडतायत, तुझी नाहीत."

मी तिथेच होते, ताटल्या गोळा करत. तू निवडणुका चालवणारी, आधी वडिलांच्या, मग भावाच्या. तुला मतांतलं कळणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यालाही वाटलं. तीन वर्षं तो तेच वाक्य घेऊन झोपायचा आणि तेच घेऊन उठायचा. मी म्हणायचे, अरे सोड, तिच्या जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, "जीभ जाऊ दे, पण खरं असलं तर?"

तर हे असं आहे.

गेनॉर


१६ मे, शनिवार

हिलरी,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हतेच, पण टपालवाला दाराशी आला की उठून बघते. गुडघ्यांना तेवढाच व्यायाम.

शाळेच्या स्वयंपाकघरात मी सोमवारीच परत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "गेनॉर, घरी थांब थोडे दिवस." मी म्हटलं, घरी थांबून काय करू, भिंतींना बटाटे वाढू? पोरांना वाढले. एका पोरीने विचारलं, "मिस, तुमचे मिस्टर मेले ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आमचा ससापण." तिला एक चमचा जास्त वाढला. सगळ्यांत नीट सांत्वन तिनेच केलं.

बाकीचे लोक लझानिया आणतात. काय खूळ आहे कोण जाणे. माणूस मेला की लझानिया. फ्रिजचं दार लागत नाही. रडू येत नाही अजून. शेजारची विनी म्हणते, येईल. मी म्हटलं, येऊ दे की, दार उघडंच आहे. पण आत काही हलतच नाही बघ. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवले की नंतर आपले वाटत नाहीत, तसं सगळ्या अंगाचं झालंय. चालते, बोलते, भांडी घासते. कोणी चिमटा काढला तर कोणाला काढला हे मला बघावं लागेल.

काल मॅल्कम आला होता. विनी होतीच. तिघं स्वयंपाकघरात बसलो. मॅल्कम निवडणुकीतून अजून बाहेर आलेला नाही. पत्रकं वाटून वाटून त्याची टाच फुटली आहे, ती त्याने आम्हाला मोजा काढून दाखवली.

"नशीबच फुटकं," तो म्हणाला. "सकाळी गेला असता तर."

"मॅल्कम!" विनी ओरडली. "काय बोलतोस तू, जरा लाज धर!"

"अगं, वाईट अर्थाने नाही. नियमच तसा आहे. निकाल जाहीर व्हायच्या आधी उमेदवार गेला आणि अधिकाऱ्याला तसं कळवलं, तर सगळं रद्द. पडलेली मतं बाद, पुन्हा नव्याने मतदान. मी उभा राहिलो असतो त्याच्या जागी. अख्खं लो मिल रडत रडत येऊन फुल्या मारून गेलं असतं."

"तुला?" विनी म्हणाली. "तुला बघून लोक हसत हसत येतील."

"हसत येऊ देत, येऊ देत म्हणजे झालं. निदान आपला एक माणूस आत बसून तलावासाठी भांडला असता. दोन-चार तास, गेनॉर. दोन-चार तासांनी घात केला आपला."

मी किटली भरत होते. भरतच राहिले, पाणी वरून वाहिलं.

मग विनी म्हणाली, "पण शुक्रवारी सकाळी तुझे पुढचे पडदे ओढलेले होते. दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा बघितलं मी. चपला घालून तुझ्याकडे यायलाच निघाले होते. मग तू छातीला बिल्ला लावून बसला पळताना दिसलीस, तेव्हा म्हटलं, चला, काही नाही, ट्रेव्हरला उजेड नको असेल."

आमच्या गल्लीत दिवसा पुढचे पडदे ओढलेले दिसले की घरात कोणी गेलं, हे तुला वेगळं सांगायला नको. तू ह्याच गल्लीत वाढलीस.

मॅल्कम मोजा चढवत होता. अर्ध्यातच थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "काय बघतोस? साखर किती?"

"तुला माहीत आहे किती," तो म्हणाला.

"मग विचारायचं काही उरलं नाही," मी म्हटलं.

चहा पिऊन गेला बिचारा.

पक्षाकडून छापील शोकपत्र आलं. त्यात लिहिलंय की ट्रेव्हर "आमचे जुने सहकारी" होते. बाहेर काढताना सहकारी नव्हता, मेल्यावर झाला. मी ते लझानियाखाली ठेवलं, गरम भांड्याने टेबल जळू नये म्हणून.

२६ला ये. कोणाशी बोलावं लागणार नाही, मागच्या बाकावर बस.

गेनॉर


२७ मे, बुधवार

हिलरी,

आली नाहीस. मागच्या बाकावर मी तीनदा वळून बघितलं. पाद्रीबाईला वाटलं मला दार बंद करून हवंय, तिने खूण करून बंद करायला लावलं.

गर्दी होती. तलाव वाचवायला भांडलेले लोक आले होते, कौन्सिलच्या जमिनीवर भाजी लावणारे आले, ज्यांच्या गळक्या छतासाठी तो कौन्सिलात जाऊन खुर्चीवर ठाण मांडून बसला होता ते सगळे आले. पक्षातलेही आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. साइमाबाई आली, छातीवर काही लावलं नव्हतं. पेटीला पुढून मॅल्कमने खांदा दिला.

आता सांगते, मी पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. निकाल ऐकून तो गेला नाही.

शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर तो गेलेला होता. झोपेतच. तोंड भिंतीकडे होतं, हात चादरीवर. हात लावून बघितलं, बराच आधी गेला होता. मी खुर्चीवर बसले. त्याचा चहा प्यायले. वाया कशाला घालवायचा, असंच डोक्यात आलं, दुसरं काही नाही. मग खाली आले, पुढचे पडदे ओढले. ते हातांनी आपोआप केलं. मग डॉक्टरांना करायला फोन उचलला.

आणि तेव्हा तू बोललीस. म्हणजे तू कुठे असणार. पण तुझं ते जुनं बोलणं आठवलं. तुझे वडील शेवटच्या निवडणुकीत इस्पितळात होते, नाकात नळ्या, आणि तू ह्याच स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होतीस. "देवा, फक्त निकाल जाहीर होईपर्यंत टिकव. त्याआधी गेले तर सगळी मतं कचऱ्यात." तेव्हा मला तुझा राग आला होता, की हिला बापाची नाही, मतांची पडली आहे. म्हातारा टिकला, पुढे दोन वर्षं जगला. पण नियम माझ्या डोक्यात राहिला.

मी फोन खाली ठेवला.

तुला हेही ठाऊक नसेल की ह्या वेळी ट्रेव्हरची निवडणूक प्रतिनिधी मी होते. अर्जावर माझं नाव. जे काम तू करायचीस ते. मला वाचायला वेळ लागतो, मी म्हटलं मॅल्कमचं टाक. तो म्हणाला, "मॅल्कम तोंडात मारून घेईल कोणाकडून तरी. तू घे. तुला फक्त गठ्ठ्यांकडे बघायचंय. आणि घरी येऊन मला सांगायचं, किती. जिंकलो-हरलो नंतर सांग. आधी किती."

हेच रात्री झोपताना परत म्हणाला. "आधी किती, हां गेनॉर."

म्हणून गेले. कोट घातला, बिल्ला लावला, बस पकडली. बसमध्ये खिडकीशी बसले. समोरच्या पोराने नमस्कार केला, मी केला. सगळं नेहमीसारखं होतं, फक्त आवाज लांबून येत होते.

मोजणी क्रीडाकेंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये. लांबच लांब टेबलं, पलीकडे मोजणारे, अलीकडे आम्ही, हात मागे बांधून. कागदाला बोट लावायची परवानगी नाही. मॅल्कम आधीच आला होता, केस ओले करून बसवलेले.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"पडून आहे," मी म्हटलं.

"झोप लागली का त्याला?"

"लागली."

साइमाबाई पण आली विचारायला. "मिसेस सग्डन, ट्रेव्हर येणार नाहीत का? मला त्यांच्याशी हात मिळवायचा होता, निकाल काहीही लागो."

"त्याच्याकडून मी मिळवते," मी म्हटलं आणि मिळवला. तिचा हात गरम होता. मला सकाळचा दुसरा हात आठवला आणि मी कँटीनकडे निघून गेले. एक कोरडा बन खाल्ला, उभ्यानेच.

मग शंकास्पद मतपत्रिका बघायला आम्हाला बोलावलं. प्रेंटिस नावाचा निवडणूक अधिकारी, कोरडा माणूस, नाकावर चष्मा. एकेक कागद वर धरून दाखवायचा.

पहिल्यावर कोणीतरी सगळ्या नावांवरून रेघ मारून लिहिलं होतं, "आधी कचरा उचला."

"बाद," प्रेंटिस म्हणाला.

"मत कचऱ्याला आहे," मॅल्कम म्हणाला, "म्हणजे तुमच्या पक्षाला धरा, साइमाबाई."

"आमच्या रस्त्यावरचा असेल," ती म्हणाली. "मीही हेच लिहिणार होते."

दुसऱ्यावर ट्रेव्हरच्या नावापुढे फुली नव्हती. हसरा चेहरा काढला होता, डोळे, तोंड, दोन केस सुद्धा. आणि शेजारी लिहिलं होतं, "म्हातारड्या, अजून जिवंत आहेस का?"

प्रेंटिस चष्मा वर करून म्हणाला, "खूण आहे. नावापुढे आहे. हेतू स्पष्ट आहे का?"

पक्षाचा एक मनुष्य म्हणाला, "टिंगल आहे ही. बाद करा."

"टिंगल करणारा मनुष्य दोन केस काढत बसत नाही," मी म्हटलं. "ट्रेव्हरला दोनच उरलेत. ओळखीच्याने काढलंय."

साइमाबाई हसली. "हेतू स्पष्ट आहे," ती म्हणाली. "मला तरी दिसतोय."

"वैध," प्रेंटिस म्हणाला आणि कागद ट्रेव्हरच्या गठ्ठ्यावर ठेवला.

मॅल्कमने माझ्या पाठीवर थाप मारली. "जाऊन दाखव त्याला! म्हणावं, विचारतायत, जिवंत आहेस का!"

मी म्हटलं, सांगते.

पहिल्या मोजणीत ट्रेव्हर नऊ मतांनी मागे. मॅल्कमने फेरमोजणी मागितली. गठ्ठे परत फोडले, परत मोजले. मी गठ्ठ्यांकडे बघत होते, त्याने सांगितलं होतं तसं. फेरमोजणीत अकरा. तिचं एक मत चुकून आपल्या गठ्ठ्यात पडलं होतं, ते तिकडे गेलं.

मग प्रेंटिसने आम्हाला कोपऱ्यात घेतलं. हातात चिठ्ठी, आकडे लिहिलेले. सगळ्यांना दाखवले. मग त्याने एकेकाला विचारलं. आपल्या बाजूने उत्तर द्यायचं ते मी.

"मिसेस सग्डन, ट्रेव्हर सग्डन यांच्या प्रतिनिधी तुम्ही. निकाल जाहीर करायला तुमची काही हरकत आहे का?"

एक वाक्य होतं, हिलरी. तोंडात तयार होतं. माझा नवरा आज सकाळी वारला. एवढं म्हटलं की संपलं. ट्रेव्हर हरला नसता. साइमाबाई हात हलवत परत गेली असती. मॅल्कम पुन्हा पत्रकं घेऊन निघाला असता, लो मिल रडलं असतं, कदाचित तलावसुद्धा उघडला असता. सगळं मला कळत होतं. मी अडाणी असेन, पण अकरा मतांचं गणित मला येतं.

पण मी टेबलाकडे बघितलं. त्याचे गठ्ठे एकावर एक रचलेले, वर त्याच्या नावाची चिठ्ठी. मतपत्रिकेवर बाकीच्यांच्या नावाला पक्षाचं चिन्ह असतं, त्याच्या नावापुढची जागा कोरी. ते लोक आले होते. गुरुवारी दिवसभर पाऊस होता, तरी आले, बाबागाड्या ढकलत, काठ्या टेकत, आणि चिन्ह नसलेलं नाव शोधून त्यापुढे फुली मारून गेले. मी ते वाक्य बोलले असते तर ते गठ्ठे पिशव्यांत घालून शिक्के मारून न्यायचे. तो आकडा कोणी वाचलाच नसता. नव्या मतदानात मॅल्कमला पडली असती ती मतं, किंवा मेलेल्या माणसाच्या दयेची. ट्रेव्हरची नाहीत. त्याने विचारलं होतं ते किती, ते पुन्हा कधीच कोणाला सांगता आलं नसतं.

मी म्हटलं, "हरकत नाही. जाहीर करा."

प्रेंटिस पायऱ्या चढून वर गेला आणि आकडे वाचले. टाळ्या झाल्या. मॅल्कम रडला. मी त्याला रुमाल दिला.

घरी आले, वर गेले. दारात उभी राहिले. मला आधी किती ते सांगायचं होतं. ते निघालंच नाही तोंडातून. "हरलास," एवढंच म्हटलं, आणि खाली येऊन डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरने आल्यावर विचारलं, शेवटचं कधी बघितलंत? मी म्हटलं, सकाळी मोजणीला निघताना. काय करत होते? म्हटलं, झोपले होते. त्याने माझ्याकडे बघितलं, लिहून घेतलं. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख लिहितात, वेळ लिहीत नाहीत. हे मला नंतर कळलं.

काल क्लबात मॅल्कमने मला कोटांच्या खोलीत गाठलं.

"सकाळी की दुपारी, गेनॉर?"

"सकाळी."

तो भिंतीला टेकला. "अकरा मतं. एक वाक्य बोलली असतीस तू तर."

"तर आज तू त्याचा फोटो छातीला लावून दारोदार हिंडत असतास."

"हो, हिंडलो असतो! त्यालाही चाललं असतं. तो हसला असता वरून!"

"त्याला चाललं असतं," मी म्हटलं. "मला नाही."

"तुझं काय गं त्यात? तू काय उभी होतीस का?"

त्याने टोपी घातली आणि सँडविच न खाता गेला. चाळीस वर्षांची मैत्री. दारातून मी हाक मारली, तो हात नुसता वर करून चालत राहिला. परत येईल बहुतेक. नाही आला तर नाही आला.

तो अधिकाऱ्याकडे जाईल असं वाटत नाही. पण गेला तर? तुला नियम पाठ आहेत. मी गुन्हा केला का? निकाल मोडेल का? हे मी वकिलाला विचारणार नाही, तुला विचारतेय. त्या बाईला खुर्चीवरून उठवलं तर मला काही वाटणार नाही. पण तो आकडा खोडला तर मला वाटेल. तेवढंच एक मला वाटेल असं वाटतं.

गेनॉर


८ जून, सोमवार

हिलरी,

तुझं कार्ड आलं. मेंढीचं चित्र. वेल्समध्ये दुसरं काही छापत नाहीत का?

दोन ओळी लिहिल्यास, दोन्ही वाचल्या. पहिली: "जाहीर होण्याआधी अधिकाऱ्याला पुरावा दिला तरच मतदान रद्द होतं, दिला नाहीस, निकाल कायम." बरं. म्हणजे कोणी काही खोडत नाही. मी ती ओळ मॅल्कमलाही दाखवली. हो, तो आला परत, परवा, टोपी हातात घेऊन, आणि उभ्यानेच अर्धा लझानिया संपवला. तुझी ओळ वाचून म्हणाला, "हिलरीने लिहिलंय म्हणजे झालं." मग म्हणाला, "बाई तशी हुशार होती. खडूस होती, पण हुशार." मला हसू आलं. पहिल्यांदाच. विचित्र आवाज आला, मीच दचकले.

तुझी दुसरी ओळ: "मतं किती?"

भाऊ गेला, त्याचं काही नाही. दहनाला का आले नाही, त्याचं काही नाही. मतं किती. माझं डोकं फिरलं. कार्ड चुलीत घालणार होते. तुला काय ठाऊक नाही का? कौन्सिलच्या पानावर आकडे त्याच दिवशी लागतात. तू शुक्रवारी दुपारीच बघितले असशील, मेंढ्यांमध्ये बसून. बघितले असशीलच. तीस वर्षांची सवय आहे तुला.

मग मी भांडी घासली आणि मग मला कळलं. तुला माझ्याकडून हवंय. त्याने मागितलं होतं तसंच मागितलंस. जिंकला-हरला नाही, आधी किती. तुम्ही दोघं एकाच बापाची पोरं.

त्याला मी सांगू शकले नाही. दारात उभी होते, तोंड उघडलं होतं आणि शब्द आला नाही. तेव्हापासून ह्या घरात तो आकडा कोणी मोठ्याने म्हटलेला नाही. मॅल्कम नुसतं अकरा-अकरा करतो, त्याला हरलेलं तेवढंच आठवतं.

तर आत्ता मी वरच्या खोलीत आले आहे. मागच्या खिडकीशी बसून लिहितेय. पलंगावरची गादी अजून तशीच आहे, तिकडे तोंड करून म्हणाले. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले.

अकराशे सत्तावन्न.

पक्षाचं फूल नाही, चिन्ह नाही, नुसतं नाव. ट्रेव्हर सग्डन, अकराशे सत्तावन्न. त्यातली तुझ्या वडिलांची किती, ते तुला वजा करायचं असेल तर कर. मी त्यातलं एकही सोडणार नाही.

मी म्हटलं. आता तिकडे दार लावून घे, आणि तू म्हण. मनात नको. मोठ्याने.

गेनॉर